कापलं ते जाते कुठं?

माझ्या फोटो स्टुडिओच्या उंबऱ्यावर ते आधी खाकरायचे. दार उघडंच असायचं, आत मी एकटाच असायचो, तरी ते बाहेर थांबून घसा साफ करायचे, क्षणभर वाट पाहायचे आणि मगच पाऊल आत टाकायचे. आत आल्यावर त्यांची पहिली नजर माझ्या तोंडाकडे नसे, हातांकडे असे. मी काही झाकतोय का, ते बघायचं असे. मग बसण्याआधी स्टूल हलवून पाहायचे. तेच स्टूल, तीच जागा, कैक वर्षं.

"कालचंच हाय मोठेबाबा, मोडत नाही," मी म्हणायचो.

"हे तू म्हणून राह्यला," असं म्हणून ते बसायचे.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर तुम्ही नीट पाहिलं नसेल. त्यांचं नाव मी सांगत नाही. ते असते तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, की माझं नाव तुले कशासाठी पाहिजे? जानेफळात सगळे त्यांना मोठेबाबाच म्हणत. पुतण्या अमोल म्हणायचा म्हणून गल्ली म्हणायची. मेहकरच्या कचेरीत त्यांनी जन्मभर कारकुनी केली होती, आणि तिथे रोज येणारा प्रत्येक माणूस काहीतरी लपवून येतो, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, मत नाही सुटलं.

दूधवाला आला की ते दुधात बोट घालायचे, पण बघायचे मात्र दूधवाल्याच्या चेहऱ्याकडे. "दूध पाहून काय समजते? माणूस पाहा लागते." एस.टी.त चढताना ते गाडीवरची पाटी वाचायचे, मग कंडक्टरला विचारायचे, मग ड्रायव्हरला, आणि शेवटी शेजारच्या प्रवाशाला, "तुम्ही खरंच मेहकरले चालले का?" टरबूजवाल्याने हातात दिलेलं टरबूज ते कधीच घेत नसत. तो मागे ठेवतो तेच मागायचे. ते कच्चं निघालं की घरी येऊन म्हणायचे, "त्याले माहीत होतं मी हेच मागन म्हणून."

एकदा त्यांना पासपोर्ट साइझ फोटो काढून दिले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरले.

"हा मी नाही."

"तुम्हीच हाय, मोठेबाबा."

"माह्ये कान एवढे नाहीत. हे कोणाचे कान लावले तू?"

मी आरसा दिला. त्यांनी बराच वेळ आरशात पाहिलं, मग आरशाची मागची बाजू उलटून पाहिली.

खाकरण्याची सवय मात्र संशयातून आलेली नव्हती, घरातून आलेली होती. आमच्याकडे जुन्या घरांत भासरा, म्हणजे थोरला दीर, आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. भासऱ्याने घरात शिरताना खाकरायचं, म्हणजे तिला कळतं. तिने पदर डोक्यावर ओढून बाजूला व्हायचं. आता नव्या घरांत हे कोणी पाळत नाही. पण अमोलची आई, म्हणजे आमच्या काकू, लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून या दोघांनी ते पाळलं. शब्द म्हणून एकही नाही. काही सांगायचंच झालं तर मोठेबाबा खांबाला सांगायचे, "चहा झाला असन तं बरं होईन." काकू नळाला सांगायच्या, "चहा ओट्यावर ठेवला हाय म्हणा." खांब आणि नळ यांच्या मध्यस्थीवर ते घर सुरळीत चाललं होतं.

मोठेबाबांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिचं न्हाणं, खाणं, कूस बदलणं, सगळं काकूंनी केलं. सख्ख्या बहिणीचं करणार नाही कोणी एवढं. ती गेली तेव्हा मोठेबाबा खांबाजवळ जाऊन उभे राहिलेले मी पाहिले होते. त्यांना काही सांगायचं होतं, पण खांबाला सांगण्यासारखं ते नसावं.

आता सिनेमाचं सांगतो.

अमोल शाळेत चित्रकलेचा मास्तर. त्याच्या डोक्यात आलं, की घरातल्याच माणसांना घेऊन बाहुल्यांचा विनोदी सिनेमा करायचा. हातात घालायच्या कापडी बाहुल्या, एकत्र कुटुंब, रोजची भांडणं. कॅमेरा आणि चित्रणाची कापाकापी माझी. बाहुल्या शिवल्या काकूंनी, जुनी लुगडी आणि मोजे फाडून. अमोलच्या वडिलांना बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून त्यांना बैल दिला. तोही ते इतका भीत भीत हलवायचे, की बैल आजारी वाटायचा.

मोठेबाबांना यात घ्यायचं कोणाच्याच मनात नव्हतं. पण त्यांना कुणकुण लागली, की सिनेमात एक म्हातारा मोठा भाऊ आहे आणि तो प्रत्येक गोष्टीवर संशय घेतो. ते तडक स्टुडिओत आले. खाकरले. स्टूल हलवलं.

"तो म्हातारा कोण हाय?"

"बाहुला हाय, मोठेबाबा."

"नाक कसं हाय त्याचं?"

मी बाहुला दाखवला. मोज्याचं लांब नाक होतं. त्यांनी ते बोटांनी मोजलं, मग तीच बोटं स्वतःच्या नाकाला लावली. "माह्या तोंडून काय काय वदवून राह्यले ते मले समजलं पाहिजे," ते म्हणाले. "त्याचा आवाज मीच काढतो." आपली नक्कल होऊ नये म्हणून स्वतःच नक्कल करायला बसलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अडचण पुढेच होती. अमोलने गोष्टीत म्हाताऱ्याचं आणि घरातल्या सुनेचं जेवणाच्या वेळी रोज भांडण लिहिलं होतं. म्हातारा म्हणतो भाकर करपली, ती म्हणते मग बाहेर जाऊन खा. सुनेचा आवाज काकूंचा. आणि दोघांना पडद्यामागे शेजारी बसायचं होतं!

अमोलने डोकं चालवलं. चित्रण त्यांच्याच घरात होतं. समोर एक पडदा होताच, त्याच्यामागे त्याने दोघांच्या मधोमध आणखी एक चादर टांगली. अलीकडे मोठेबाबा, पलीकडे काकू. चादर डोक्यापर्यंत, हात तेवढे वर. खाली परंपरा शाबूत होती आणि वर बाहुले समोरासमोर उभे होते.

मी कॅमेरा सुरू केला. दोन्ही बाहुले नुसते एकमेकांकडे पाहत राहिले. मला वाटलं, झाला सिनेमा. एवढ्यात चादरीच्या अलीकडून खाकरल्याचा आवाज आला आणि बाहुला बोलला.

"भाकर करपली हाय!"

"मंग बाहेर जाऊन खा!"

काकूंचा आवाज एवढा खणखणीत असेल असं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. म्हाताऱ्याने भाकरीवर संशय घेतला, पिठावर घेतला, चुलीवर घेतला. सुनेने एकेक संशय त्याच्या डोक्यावर आपटला. पुठ्ठ्याची भाकर उडाली ती बैलाला लागली. हसून हसून माझा कॅमेरा हलला. पण चित्रण संपलं की मोठेबाबा पुढच्या दाराने बाहेर, काकू मागच्या दाराने आत. दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर, पुन्हा खाकरणं आणि मग बाहुल्यांचं भांडण. प्रत्येक संवादाआधी ते खाकरायचे. काम संपत आलं तेव्हा मला जाणवलं, की मोठेबाबा दुपारी जेवण उरकून सगळ्यांच्या आधी चादरीमागे येऊन बसत होते.

शेवटच्या दिवशी जेवणाचा शेवटचा प्रसंग होता. ते खाकरले. बाहुल्याने भाकर उचलली, उलटीसुलटी पाहिली, पण फेकली नाही.

"भाकर चांगली हाय," बाहुला म्हणाला. "इतके वर्षं चांगलीच होती. घरात एवढं आजारपण होतं, तवाही गरमच आली. म्हणाचं राहून गेलं."

हे लिहिलेलं नव्हतं. अमोल कागद चाळायला लागला. पलीकडच्या बाहुलीला ठरलेलं एकच उत्तर माहीत होतं, आणि ते आता देता येत नव्हतं. मग तिने आपल्या चिंधीच्या हातांनी दुसरी भाकर उचलली आणि म्हाताऱ्याच्या ताटात ठेवली. मी कॅमेरा बंद करायचंही विसरलो.

सिनेमा शाळेच्या स्नेहसंमेलनात दाखवायचा होता. कार्यक्रमात नाच होते, नाटुकली होती, पाहुण्यांची भाषणं होती. आम्हाला मिळालेला वेळ थोडा. अमोल म्हणाला, जेवणाचे प्रसंग कमी करू, एकच विनोद सारखा येतो. मी कापले. शेवटच्या प्रसंगाला मी थांबलो, पण तो म्हणाला, "पोरं हसाले येतीन बे. इथं सगळे गप्प होतीन. काढ." मी तोही काढला. लग्नाच्या व्हिडिओतून मी रडणारे मामा काढतो, तसा काढला.

सिनेमा चालला. पोरं बाकांवर उभी राहून हसली. पहिल्या रांगेत मोठेबाबा हसले नाहीत. दिवे लागल्यावर ते उठून पडद्याच्या मागे जाऊन आले. तिथे काही उरलंय का, ते पाहिलं असावं.

सकाळी दुकान उघडतोय तोच उंबऱ्यावर खाकरणं.

"कापलं ते जाते कुठं?"

"कुठं नाही जात. इथंच राह्यते, मशीनमंदी."

"पुसलं नाही?"

"नाही."

"कोणाले दाखवलं?"

"कोणाले कशाला दाखवू?"

"हे तू म्हणून राह्यला. कोणं काढाले लावलं?"

"वेळ होत नव्हता, मोठेबाबा."

"वेळ काय येऊन सांगते का कानात?"

ते रोज यायला लागले आणि रोज हेच विचारायला लागले. आता खरं सांगतो, मला त्यांचाच संशय यायला लागला. चारचौघांत भावजयीशी बोललो याची यांना लाज वाटत असणार आणि तो प्रसंग कायमचा पुसला जावा म्हणून हे खेटे घालतायत, असं माझ्या डोक्याने घेतलं. मी ती डिस्क ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली खिशात टाकली. चहाला उठताना मागे वळून बघायला लागलो. संशय संसर्गजन्य असतो की काय कोण जाणे.

त्यात एका दुपारी काकू आल्या. मेथीच्या जुड्या विकून परत चालल्या होत्या. दाराशी उभ्या राहून, पदर दातात धरून हळूच म्हणाल्या, "भाऊ, ते कापलेलं पुसलं का हो?"

झालं. म्हणजे दोघांनाही ते पुसायचं होतं!

"काऊन, काकू?"

त्यांनी रिकामी टोपली पायरीवर ठेवली. मग म्हणाल्या, "त्यायनं काढाले लावलं न? मले माहीत हाय. एवढे वर्षं कधी बोलले नाही, अन् त्या दिवशी बोलून बसले. मंग वाटलं असन, काऊन बोललो. आपलं बोलणं माघारी घेतलं त्यायनं."

मी शपथेवर सांगितलं, की ते अमोलने काढलं. त्यांनी मान हलवली. अमोलने त्यांनाही हेच सांगितलं होतं. पण लेक काकाला पाठीशी घालतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबा आले तेव्हा मी सरळच विचारलं. "तुमाले ते पुसाचं हाय का?"

ते दचकले. "पुसाचं? काऊन पुसाचं?" मग आवाज खाली गेला. "मले एवढंच समजलं पाहिजे, त्या घरातल्यायनं काढाले लावलं का. त्यायले राग आला असन. रीत सोडून बोललो मी. बाहुल्याच्या आडून बोललो, तरी बोललो मीच."

सगळं लख्ख झालं. एकाला वाटत होतं तिने खोडलं, एकीला वाटत होतं त्याने खोडलं. आणि दोघं एकमेकांना विचारू शकत नव्हती. यात खांबाचा काही उपयोग नव्हता आणि नळाचाही.

बाजाराचा दिवस होता. काकू टोपली घेऊन रस्त्याने येताना दिसल्या. दाराशी मोठेबाबांच्या चपला पाहून त्या पायरीखालीच थांबल्या. बांगड्या वाजल्या. मोठेबाबांना न बघता कळलं. ते खाकरले. रीतीप्रमाणे काकूंनी निघून जायला हवं होतं. त्या गेल्या नाहीत. पदर ओढून, दुकानाकडे पाठ करून, रस्ता बघत उभ्या राहिल्या.

मी ड्रॉवर उघडला, डिस्क लावली आणि आवाज होता तेवढा मोठा केला. भाकर चांगली हाय. इतके वर्षं चांगलीच होती. बाहेरून एक बैलगाडी गेली तेवढाच काय तो दुसरा आवाज. बाहुलीने ताटात भाकर ठेवली आणि प्रसंग संपला.

मोठेबाबा कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "मशीनले सांगून ठेवतो. हे मी काढाले लावलं नाही."

बाहेरून, रस्त्याकडेच बघत, काकू म्हणाल्या, "दुकानाले सांगा, मीनं पण नाही लावलं."

मोठेबाबांच्या ओठांवर ते वाक्य आलेलं मी पाहिलं. हे तू म्हणून राह्यला. जन्मभराची सवय होती. पण त्यांनी ते गिळलं. पुरावा न मागता त्यांनी मानलेली ही मला माहीत असलेली पहिली आणि एकमेव गोष्ट.

काकू पायरीवर चार वांगी ठेवून गेल्या. मोठेबाबांनी त्यातलं एक उचलून सगळीकडून पाहिलं. "किडकं नाही," ते म्हणाले, आणि डोळे पुसले.

त्यानंतर त्या घरात काही बदललं असेल असं समजू नका. खांब होता, नळ होता, खाकरणं होतं. फक्त अमोल एकदा म्हणाला, की मोठेबाबा हल्ली घरात शिरताना उगीचच दोनदोनदा खाकरतात आणि आई आतल्या आत हसते.

दिवाळीनंतरच्या थंडीत ते आजारी पडले. मेहकरच्या दवाखान्यात त्यांनी प्रत्येक इंजेक्शनची बाटली बघायला मागितली. सलाइनमध्ये पाणी तर नाही ना, हे नर्सच्या चेहऱ्यावरून तपासलं. डॉक्टर म्हणाले, "बाबा, दोन दिवसांत घरी जाल." ते म्हणाले, "हे तुम्ही म्हणून राह्यले." या वेळी त्यांचा संशय खरा ठरला. मला फार वाईट वाटलं. इतका वैताग देणारा माणूस गेल्यावर दुकान एवढं मोकळं वाटेल आणि ते मोकळेपण असं खायला उठेल, असं वाटलं नव्हतं.

तेरवी झाली आणि काकू आल्या. थेट आत आल्या, पहिल्यांदाच. पदर खांद्यावर होता. स्टुलावर बसल्या आणि मोबाइल पुढे केला. "त्यायचं तेवढं याच्यात टाकून द्या, भाऊ."

मी मनापासून काम केलं. पंख्याची घरघर काढली, मागची कुजबुज काढली, आवाज काचेसारखा स्वच्छ केला. मोबाइलवर टाकून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. अगदी मोठेबाबांसारखं.

"हे पुरं नाही."

"पुरं हाय, काकू."

"तुम्ही पुन्हा कापलं."

"काही नाही कापलं. सुरवातीले खाकरलेलं तेवढं काढलं. आवाज खराब येत होता."

काकूंनी मोबाइल माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि बसून राहिल्या.

मी ते परत लावलं. जसं होतं तसं, घरघर, कुजबुज, सगळ्यासकट. मोबाइल त्यांच्या हातात दिला. दुकानात आम्ही दोघंच होतो. बाहुला हातात भाकर धरून उभा होता. चादरीच्या अलीकडून ते खाकरले, आणि काकूंचा हात आपोआप वर गेला, खांद्यावरचा पदर डोक्यावर आला. त्या थोड्या बाजूला सरकून बसल्या. मग बाहुला बोलला.